विरळ चुंबकात घातांक सरकताना दिसतात तेव्हा

प्रश्न असा आहे. पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्रिमितीय साध्या घनजाळीवरचं आयझिंग मॉडेल (चुंबकाचं साधं प्रतिरूप: जाळीच्या प्रत्येक जागेवर एक स्पिन, म्हणजे फक्त वर किंवा खाली असणारा इवलासा चुंबक) घेतलं, काही स्पिन यादृच्छिक जागी काढून टाकले आणि माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरणाऱ्या सिम्युलेशन पद्धतीने क्रांतिक बिंदूपाशी, चुंबकत्व जिथे नाहीसं होतं त्या तापमानाजवळ, मोजमापं केली. जाळीची लांबी ८ पासून ४८ पर्यंत. १० टक्के स्पिन काढले तर सहसंबंध लांबी (स्पिन एकमेकांची दखल घेतात ते अंतर) क्रांतिक बिंदूजवळ ज्या घाताने वाढते तो घातांक न्यू ०.६५ च्या आसपास येतो, २० टक्क्यांना ०.६८, आणि ६० टक्क्यांना ०.७२. सांख्यिकी त्रुटी या फरकांपेक्षा बरीच लहान आहे. तिचं विचारणं: "अव्यवस्था वाढवली की घातांक सतत बदलतात असं प्रबंधात लिहू का? विरळ चुंबकात सार्वत्रिकता मोडते असं म्हणायचं का?"

असं लिहू नका. तुमचे आकडे चुकलेले आहेत असं मी म्हणत नाही. ते बहुधा बरोबरच आहेत. पंचवीसेक वर्षं मी याच प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये घालवली आहेत आणि साधारण असेच तीन आकडे माझ्या पहिल्या वहीतही आहेत. पण ते क्रांतिक घातांक नाहीत. ४८ लांबीच्या जाळीला दिसणारे ते उतार आहेत. या दोहोंतलं अंतर विरळ चुंबकांत इतकं मोठं असतं की या विषयाची दहा-पंधरा वर्षं त्यातच गेली.

आधी हे स्पष्ट करू की सार्वत्रिकता नेमकं काय कबूल करते. आयर्न फ्लोराइडचा स्फटिक ७८.४ केल्व्हिनला अँटिफेरोमॅग्नेट होतो (शेजारचे स्पिन उलट दिशांना लागतात), द्रव आणि वायू यांतला फरक एका ठरावीक दाबाला आणि तापमानाला मिटतो, दोन द्रवांचं मिश्रण एका बिंदूला वेगळं होऊ लागतं. या तिन्हींत क्रांतिक बिंदूजवळचे घातांक एकच येतात, कारण मिती ३ आहे आणि क्रमदर्शक राशी, म्हणजे व्यवस्था किती झाली हे सांगणारी राशी, एक-घटकी आहे. एकच घातांक असणाऱ्या अशा प्रणालींचा मिळून एक वर्ग. क्रांतिक तापमान मात्र प्रत्येकाचं वेगळं. शुद्ध त्रिमितीय आयझिंग वर्गाचा न्यू ०.६३०, चुंबकनाचा बीटा ०.३२६, ग्राहकतेचा (बाहेरच्या क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचा) गॅमा १.२३७ आणि विशिष्ट उष्णतेचा अल्फा ०.११. हे आकडे आज इतके पक्के आहेत की त्यांवर वाद उरलेला नाही.

आता यात अशुद्धी टाका. १९७४ साली ए. बी. हॅरिस यांनी याबद्दल केलेला युक्तिवाद फळ्यावर चार ओळींत मावतो. तो पाठ न करता प्रत्येक वेळी नव्याने मांडून बघावा, असा माझा विद्यार्थ्यांकडे आग्रह असतो.

क्रांतिक तापमानाजवळ स्पिन ज्या अंतरापर्यंत एकमेकांची दखल घेतात ती सहसंबंध लांबी. जाळीचे तेवढ्याच लांबीचे ठोकळे पाडा. प्रत्येक ठोकळ्यात शिल्लक स्पिनांचं प्रमाण थोडं वेगळं निघेल, म्हणून प्रत्येकाचं जणू स्वतःचं क्रांतिक तापमान असेल. ठोकळा मोठा होत जाईल तसा हा फरक घटतो, त्यातल्या जागांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. दुसरीकडे, ठोकळा मोठा होतोय याचाच अर्थ आपण क्रांतिक तापमानाच्या जवळ चाललोय, म्हणजे उरलेलं अंतरही घटतंय. दोन्हींपैकी लवकर कोण घटतं एवढाच प्रश्न आहे. मिती गुणिले न्यू हा गुणाकार २ पेक्षा जास्त असेल तर ठोकळ्यांतला फरक आधी विरतो आणि चुंबकाला अशुद्धीची जाणीव राहत नाही. तो २ पेक्षा कमी असेल तर काही ठोकळे व्यवस्थित झालेले, काही अजून विस्कळीत, अशी अवस्था येते आणि शुद्ध चुंबकाचं वर्णन तिथे टिकूच शकत नाही. हायपरस्केलिंग, म्हणजे अल्फा बरोबर २ वजा मिती गुणिले न्यू हे नातं, वापरलं तर हीच अट अल्फाच्या चिन्हावर येते: अल्फा ऋण असेल तर अशुद्धी निरुपद्रवी, धन असेल तर नाही.

शुद्ध आयझिंगसाठी ३ गुणिले ०.६३ म्हणजे १.८९. दोनपेक्षा कमी. म्हणून अशुद्धीने घातांक बदलणारच. बदलून किती होतात? विरळ आयझिंगचा आजचा विश्वासार्ह न्यू ०.६८३ आहे. त्याला ३ ने गुणा, २.०५ येतात. नव्या वर्गाने अट पाळली. १९८६ मध्ये चेस दांपत्य, डॅनियल फिशर आणि स्पेन्सर यांनी सिद्ध केलं की अव्यवस्थित प्रणालीत योग्य रीतीने व्याख्या केलेला न्यू २ भागिले मिती यापेक्षा कमी असू शकत नाही. तुमचा १० टक्क्यांवरचा ०.६५ पाहा. २ भागिले ३ म्हणजे ०.६६७, त्यापेक्षा तो कमी आहे. तो अंतिम घातांक असूच शकत नाही, हे एवढ्यावरूनच कळतं.

म्हणजे विरळ आयझिंगला शुद्ध आयझिंगहून वेगळा, पण एकच वर्ग मिळतो. १० टक्के काढा की ६० टक्के, अंतिम उत्तर एकच. तुम्हाला तीन का दिसतात, हे समजून घेण्यासारखं आहे, आणि उत्तर लिहायचं मी खरं तर याचसाठी मनावर घेतलं.

शुद्ध वर्गाकडून अव्यवस्थित वर्गाकडे जाण्याचा वेग ठरवणारा घातांक शुद्ध प्रणालीचा अल्फाच आहे, ०.११. हा आकडा फार लहान आहे आणि सगळा त्रास त्याच्या लहानपणात आहे. अव्यवस्थेची तीव्रता निम्मी केली तर नवा वर्ग दिसण्यासाठी क्रांतिक तापमानाच्या २ चा नववा घात, म्हणजे सुमारे ५०० पट जवळ जावं लागतं. जाळीच्या भाषेत सांगायचं तर लांबी पन्नासेक पट हवी. २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येणं म्हणजे अव्यवस्था साधारण निम्मी करणं. २० टक्क्यांना जे ४८ लांबीला दिसलं, ते १० टक्क्यांना दिसायला अंदाजे अडीच हजार लांबीची जाळी लागेल. म्हणून १० टक्क्यांचा तुमचा आकडा शुद्ध ०.६३ च्या ओढीत अडकून ०.६५ वर थांबलाय.

६० टक्क्यांना दुसऱ्या टोकाची ओढ आहे. साध्या घनजाळीचा परकोलेशन उंबरठा ०.३११६, म्हणजे ६९ टक्के स्पिन काढले की सलग जाळं तुटतं आणि कोणत्याही तापमानाला चुंबकत्व राहत नाही. तिथला न्यू परकोलेशनचा, ०.८८ च्या जवळ. तुम्ही ६० टक्क्यांना त्या उंबरठ्याच्या शेजारी उभ्या आहात. लहान जाळीला तिथली भूमिती दिसते, म्हणून ०.७२.

मधला २० टक्क्यांचा आकडा बरोबर निघाला हे नशीब नव्हे. अव्यवस्थित वर्गात मर्यादित जाळीमुळे स्केलिंगला (राशी लांबीच्या घाताने बदलण्याच्या नियमाला) करावी लागणारी आघाडीची दुरुस्ती लांबीच्या उणे ०.३३ घाताने घटते. शुद्ध आयझिंगमध्ये हाच घात ०.८३ असतो. लांबी ८ वरून १२८ केली, म्हणजे स्पिन ४०९६ पटींनी वाढवले, तर शुद्ध मॉडेलमध्ये दुरुस्ती दहापट कमी होते. विरळ मॉडेलमध्ये फक्त अडीचपट. संगणकाचा एवढा खर्च करून अडीचपट. पण या दुरुस्तीचा गुणक स्पिनांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि ८० टक्के स्पिन शिल्लक असताना तो जवळजवळ शून्य होतो. हाझेनबुश, पारिसेन तोल्दिन, पेलिसेत्तो आणि विकारी यांनी २००७ मध्ये हे नेमकं मोजलं आणि त्याच जागी काम करून न्यू ०.६८३ आणि ईटा (क्रांतिक बिंदूवर सहसंबंध अंतरानुसार कसे घटतात ते सांगणारा घातांक) ०.०३६ काढले. त्याआधी १९९८ मध्ये बाल्लेस्तेरोस, पारिसी आणि त्यांच्या स्पॅनिश-इटालियन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या प्रमाणांचा डेटा एकाच दुरुस्ती-घातांकासह एकत्र बसवला की सगळे उतार एकाच आकड्याला येऊन मिळतात. त्यांचा न्यू ०.६८४ होता. त्याच्या आधी, १९९० च्या सुमारास, प्रमाणानुसार बदलणारे घातांक गांभीर्याने छापले जात होते, आणि छापणारे निष्काळजी नव्हते. दुरुस्ती इतकी मंद आहे हे तेव्हा कुणाला मोजून माहीत नव्हतं, एवढंच.

मला या निकालात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट पुढची आहे. स्पिन काढण्याऐवजी बंध, म्हणजे शेजारच्या दोन स्पिनांमधली जोड, काढले तरी वर्ग तोच. त्याहून पुढे, काही बंध काढण्याऐवजी उलटे केले, फेरोमॅग्नेटिकचे अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे प्रणालीत वैफल्य आणलं (सगळे बंध एकाच वेळी समाधानी राहू शकत नाहीत), तरी फेरोमॅग्नेटिक संक्रमण टिकतं तोवर वर्ग तोच राहतो. सरळ बंधांचं प्रमाण ०.७६८ ला येईपर्यंत हे चालतं. तिथे निशिमोरी रेषा (आलेखातली एक खास रेषा, जिच्यावर काही राशी अचूक काढता येतात) सीमेला छेदते आणि पलीकडे स्पिन ग्लासचं, म्हणजे स्पिन अस्ताव्यस्त दिशांना गोठलेल्या अवस्थेचं, राज्य सुरू होतं. तीन अगदी वेगळ्या सूक्ष्म कहाण्या आणि एकच ०.६८३. यापेक्षा बळकट सार्वत्रिकता कोणती मागायची?

"पण प्रयोगात काय?" हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. इथे आयर्न-झिंक फ्लोराइड आणि मँगनीज-झिंक फ्लोराइड या दोन स्फटिकांना तोड नाही. झिंक चुंबकीय नाही, आकाराने जवळचं आहे, म्हणून लोहाच्या जागी तो सहज बसतो आणि जवळपास आदर्श यादृच्छिक विरलता मिळते. आयर्न फ्लोराइडमधली अ‍ॅनिसोट्रॉपी, म्हणजे स्पिनांना एकाच अक्षाची असलेली ओढ, इतकी तीव्र आहे की स्पिन खरोखर वर किंवा खाली एवढंच जाणतात. १९८३ मध्ये बर्जेनो आणि सहकाऱ्यांनी ४६ टक्के लोहाच्या स्फटिकावर न्यूट्रॉन विखुरणातून न्यू ०.७३ आणि गॅमा १.४४ काढले, आणि द्विअपवर्तनातून अल्फा उणे ०.०९. १९८६ मध्ये ७५ टक्के मँगनीजच्या स्फटिकावर न्यू ०.७१५ आणि गॅमा १.३६ आले. ९० टक्के लोहाच्या स्फटिकावर मोसबाउअर पद्धतीने बीटा ०.३५ आला. १९९९ मध्ये ९३ टक्के लोहाच्या स्फटिकावर न्यू ०.७० आणि गॅमा १.३४. त्रुटींच्या पट्ट्यात हे सगळे सिम्युलेशनच्या ०.६८ आणि १.३४ शी जुळतात, आणि शुद्ध १.२४ पासून स्पष्टपणे दूर आहेत. हे आकडे पहिल्यांदा एका कागदावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

द्विअपवर्तनाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ही युक्ती विसरली जातेय असं वाटतं. विशिष्ट उष्णता थेट मोजली तर त्यात जाळीच्या कंपनांचा मोठा वाटा मिसळतो आणि चुंबकीय भाग वेगळा काढताना घातांक हातातून निसटतो. या स्फटिकांत प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांच्या अपवर्तनांकातला फरक तापमानानुसार ज्या दराने बदलतो तो चुंबकीय विशिष्ट उष्णतेच्या प्रमाणात असतो, आणि कंपनांचा वाटा अगदी कमी. लेझरने हे मोजता येतं. शुद्ध स्फटिकात टोक वर धावत जातं, विरळ स्फटिकात ते मर्यादित उंचीचं टोकदार शिखर बनतं. अल्फाचं चिन्ह बदललेलं डोळ्यांना दिसतं.

हाच लेझर आणखी एक काम करतो: स्फटिकात लोहाचं प्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती सरकलंय हे दाखवतो. हिशोब करा. लोहाचं प्रमाण जास्त असताना संक्रमण तापमान साधारण त्याच प्रमाणात घटतं. प्रमाणात ०.००१ एवढाच उतार असला तरी तापमान ०.०८ केल्व्हिनने पसरतं, म्हणजे सापेक्ष अंतर एक हजारांश. त्याच्या आत तुम्ही कितीही बारीक तापमान नियंत्रण करा, दिसेल ते पसरलेलंच. आणि एक हजारांशाला सहसंबंध लांबी जाळीतल्या शेजारच्या दोन जागांमधल्या अंतराच्या शंभरेक पट असते, एक शतांशाला वीसेक पट. म्हणजे प्रयोगातली खिडकी आणि तुमच्या जाळीची खिडकी यांत फार फरक नाही. प्रयोग म्हणजे अनंत जाळी, असं आपण सिम्युलेशनवाले नकळत धरून चालतो. विरळ चुंबकांत ते खरं नाही.

आता तुमच्या पद्धतीकडे येतो. इथे मला काळजी आहे.

तुम्ही एका जाळीवर किती मोजमापं घेता आणि किती वेगवेगळ्या जाळ्या घेता, हे तुमच्या वर्णनात नाही. शुद्ध चुंबकाची सवय असलेला माणूस एकेका जाळीवर लाखो पायऱ्या चालवतो आणि शंभर जाळ्यांवर थांबतो. विरळ आयझिंगमध्ये हे उलटं हवं. अहरोनी आणि हॅरिस यांनी १९९६ मध्ये दाखवलं की अव्यवस्था जिथे महत्त्वाची ठरते तिथे क्रांतिक बिंदूवर चुंबकीय ग्राहकता एका जाळीपासून दुसऱ्या जाळीपर्यंत जी बदलते, तो सापेक्ष पसारा जाळी वाढवूनही शून्याकडे जात नाही. मोठी जाळी घेतली की आपोआप सरासरी होते, हा भरवसा इथे लागू नाही. म्हणून प्रत्येक जाळीवर काहीशे स्वतंत्र मोजमापं पुरतात, जाळ्या मात्र हजारोंनी हव्यात. तसं केलं की दुसरा दोष डोकावतो: कमी मोजमापांवरून रीवेटिंगने (एका तापमानाच्या मोजमापांना नवी वजनं देऊन) शेजारच्या तापमानाला उडी मारली, किंवा सरासऱ्यांचे गुणाकार घेतले, तर पद्धतशीर कल येतो. मोजमापांचे अर्धे अर्धे भाग करून तो कल मोजा आणि वजा करा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

आणि वुल्फचा अल्गोरिदम, जो एका वेळी स्पिनांचा एक गुच्छ उलटवतो, एकटा वापरू नका, निदान ६० टक्क्यांना तरी. हे मी स्वतः भोगलेलं आहे. जाळीत मुख्य जाळ्यापासून तुटलेली छोटी छोटी बेटं असतात. वुल्फ यादृच्छिक स्पिनापासून गुच्छ वाढवतो, म्हणून तो बहुतेक वेळा मोठ्या गुच्छावरच फिरतो आणि बेटांना क्वचितच हात लावतो. माझ्या सुरुवातीच्या कामात ऊर्जेचा आकडा सुरुवातीच्या स्थितीनुसार किंचित सरकत होता आणि मी ते तापमान जवळ असल्यामुळे होणारं मंदावणं समजलो. कितीतरी महिने त्यात गेले. शेवटी सर्व स्पिन वर ठेवून एकदा आणि विस्कटून एकदा सुरुवात केली, बेटांची ऊर्जा वेगळी मोजली, तेव्हा कळलं. वुल्फच्या प्रत्येक काही गुच्छांमागे मेट्रोपोलिसची (एकेक स्पिन तपासणारी) एक फेरी घाला, किंवा सगळे गुच्छ एकदम हाताळणारा स्वेंडसन-वांग वापरा. यादृच्छिक आकड्यांचा जनरेटरही एकदा बदलून बघा. फेरेनबर्ग, लँडाउ आणि वाँग यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की चांगला समजला जाणारा जनरेटरही वुल्फसोबत चुकीचे आकडे देऊ शकतो.

द्विमितीत काय होतं, हे ओझरतं सांगतो, कारण तुमचे परीक्षक विचारतील. ऑन्सागर यांच्या १९४४ च्या उत्तरात विशिष्ट उष्णता लॉगरिदमने वाढते, अल्फा शून्य, हॅरिस यांची अट बरोबर सीमेवर. तिथे घातांक शुद्धचेच राहतात आणि लॉगरिदमच्या दुरुस्त्या चिकटतात. विशिष्ट उष्णता लॉगच्या लॉगने वाढते, असं दोत्सेंको बंधूंनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. तिथेही १९९० च्या दशकात सरकत्या घातांकांचे दावे झाले आणि मोठ्या जाळ्यांपुढे मावळले.

तुमच्याच विभागात मँगनाइट (मँगनीजची चुंबकीय ऑक्साइडं) किंवा मिश्रधातूंवर चुंबकन मोजणारे सहकारी असतील, तर त्यांना हॅरिस यांची अट जरूर दाखवा. त्रिमितीय हायझेनबर्ग चुंबकाचा (ज्यात स्पिन कोणत्याही दिशेला वळू शकतात) न्यू ०.७११, तिप्पट केला की २.१३, अल्फा ऋण. तिथे साध्या, लघुपल्ल्याच्या अव्यवस्थेने घातांक बदलायला नकोतच. हैदराबाद विद्यापीठातले एस. एन. कौल यांनी अस्फटिकी फेरोमॅग्नेटवर वर्षानुवर्षं काम करून हेच पुढे आणलं: धातूंच्या काचेत, अणू कुठेही रांगेत नसताना, क्रांतिक बिंदूच्या खऱ्या जवळ हायझेनबर्गचेच घातांक मिळतात. त्यांचा १९८५ चा आढावा या विषयात हात घालणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तरीही दरवर्षी कितीतरी शोधनिबंधांत बीटा ०.४२, गॅमा १.१ असे आकडे काढून "अपारंपरिक वर्ग" जाहीर केला जातो. बहुतेक वेळा खिडकी दोन-तीन टक्के तापमानाची असते, चुंबकविरोधी क्षेत्राची दुरुस्ती नीट केलेली नसते, आणि सुधारित ॲरट आलेखात (चुंबकन आणि क्षेत्र यांचे अंदाजी घात घेऊन रेषा सरळ करण्याची पद्धत) सुरुवातीला जे घातांक घातले त्यांच्याच जवळ शेवट होतो. विडम यांचं, घातांकांना एकमेकांशी बांधणारं समीकरण जुळलं म्हणजे घातांक खरे, असंही मानलं जातं. ते समीकरण परिणामी, म्हणजे मर्यादित खिडकीत दिसणाऱ्या, उतारांनाही बऱ्यापैकी जुळतं, म्हणून तो पुरावा होत नाही. कौवेल-फिशर पद्धतीने (ग्राहकतेच्या तापमानानुसार उतारावरून) गॅमा तापमानाचं फल म्हणून काढा आणि तो कसा वाकतो ते बघा. स्फटिकी फेरोमॅग्नेटमध्ये तो सावकाश १ कडे उतरतो. अव्यवस्थित चुंबकात आधी वर चढून मग उतरतो. त्या चढात अडकलेला एखादा आकडा घेऊन वर्ग ठरवणं म्हणजे घाटातल्या एका वळणावरून डोंगराची उंची सांगणं.

एक खरा अपवाद नोंदवतो. अशुद्धी गटागटाने, लांबवर सहसंबंधित असेल तर हॅरिस यांची मूळ अट पुरत नाही. वाइनरिब आणि हॅल्पेरिन यांनी १९८३ मध्ये तिचं विस्तारित रूप दिलं: अशुद्धीचे सहसंबंध अंतराच्या ज्या घाताने विरतात, २ भागिले तो घात एवढा नवा न्यू. वाढवताना ज्या स्फटिकात थर पडतात तिथे हे आठवावं.

यादृच्छिक क्षेत्राच्या आयझिंग मॉडेलचीही कहाणी तुमच्यासारखीच आहे. इम्री आणि मा यांनी १९७५ मध्ये सांगितलं की प्रत्येक स्पिनावर यादृच्छिक दिशेचं क्षेत्र लावलं तर द्विमितीपर्यंत व्यवस्था टिकत नाही. त्रिमितीत ती टिकते हे इम्ब्री आणि नंतर ब्रिकमाँ आणि कुपियाइनेन यांनी गणिताने सिद्ध केलं. घातांकांवर मात्र वर्षानुवर्षं मतभेद राहिले: क्षेत्रं गॉसियन वितरणातून घेतली तर एक उत्तर, वर-खाली दोनच किमती घेतल्या तर दुसरं. २०१३ मध्ये फायटास आणि मार्तिन-मायोर यांनी शून्य तापमानाच्या मूलस्थिती (सर्वांत कमी ऊर्जेच्या रचना) काढून, स्केलिंगच्या दुरुस्त्या एकत्र बसवून दाखवलं की सगळी वितरणं एकाच वर्गात येतात, न्यू सुमारे १.३८. फरक दुरुस्त्यांचा होता.

तरी तपशिलाला खरोखर महत्त्व येतं अशी एक जागा याच मॉडेलमध्ये आहे, आणि ती आपल्या जवळच्या संस्थेत सापडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दीपक धर यांनी प्रबोध शुक्ल आणि जेम्स सेथना यांच्यासोबत १९९७ मध्ये बेथे जाळीवर (झाडासारखी फांद्या फुटत जाणारी, कुठेही वर्तुळ न होणारी जाळी), शून्य तापमानाला, बाहेरचं क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं तर चुंबकन कसं वाढतं हे अचूक सोडवलं. प्रत्येक स्पिनाला तीन शेजारी असतील तर गॉसियन क्षेत्रांची अव्यवस्था कितीही कमी असो, चुंबकनात उडी येतच नाही. चार किंवा जास्त शेजारी असतील तर कमी अव्यवस्थेला उडी येते. शेजाऱ्यांची संख्या ही आपण नेहमी दुर्लक्षित करण्याजोगी मानतो, आणि इथे तिच्यावर संक्रमणाचं अस्तित्वच अवलंबून आहे. धर यांना २०२२ मध्ये सांख्यिकी भौतिकीतलं बोल्ट्झमन पदक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. मी हे उदाहरण मुद्दाम देतोय: सार्वत्रिकता ही श्रद्धा नाही, आणि ती कुठे लागू नाही हे दाखवायचं तर असा अचूक हिशोब लागतो. ४८ लांबीचा उतार पुरत नाही.

स्पिन ग्लासमध्ये तर आकड्यांचा प्रवास पाहूनच सावध व्हावं. १९७२ मध्ये कॅनेला आणि मायडोश यांनी सोने-लोह मिश्रधातूच्या ग्राहकतेत टोकदार शिखर पाहिलं, १९७५ मध्ये एडवर्ड्स आणि अँडरसन यांनी मॉडेल दिलं. १९८५ मध्ये ओगील्स्की यांनी बेल लॅब्समधल्या खास बनवलेल्या यंत्रावर त्रिमितीय मॉडेलचा न्यू सुमारे १.३ काढला. २०१३ मध्ये जानुस या दुसऱ्या खास संगणकावर तो २.५६ आला. जवळजवळ दुप्पट, आणि दोन्ही गट आपापल्या काळातले सर्वांत काळजीपूर्वक काम करणारे. मधल्या काळात बंधांच्या वितरणानुसार घातांक बदलतात असेही दावे झाले. काट्झग्राबर, क्योर्नर आणि यंग यांनी २००६ मध्ये दोन-किमती वितरणासाठी २.३९ आणि गॉसियनसाठी २.४४ काढले, त्रुटींच्या आत एकच. त्याच वर्षी कॅम्पबेल, हुकुशिमा आणि ताकायामा यांनी एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली: बंधांची चिन्हं सममित वाटलेली असतील तर व्यस्त तापमानाचं चिन्ह बदलून काहीच बदलत नाही, म्हणून स्केलिंगचा चलही तापमानाच्या वर्गावर आधारलेला हवा. नुसता चल नीट निवडला तरी रुंद खिडकीतला डेटा सरळ होतो. तुमच्या डेटालाही हे धडे लागू आहेत.

तर आता काय करायचं. नवी सिम्युलेशनं लगेच सुरू करू नका, आहे त्या डेटातून आधी एक आलेख काढा. प्रत्येक जाळीसाठी चुंबकनाच्या वर्गाची औष्णिक सरासरी घ्या, जाळ्या-जाळ्यांमधलं तिचं विचरण काढा, आणि त्याला सर्व जाळ्यांवरच्या सरासरीच्या वर्गाने भागा. हा गुणोत्तर-आकडा क्रांतिक बिंदूवर, आडव्या अक्षावर लांबीचा उणे ०.३३ घात घेऊन, तिन्ही प्रमाणांसाठी एकाच आलेखावर मांडा. शुद्ध मॉडेलमध्ये तो शून्य असतो. विरळ वर्गात त्याची सार्वत्रिक किंमत ०.१४८ आहे. माझा अंदाज असा: १० टक्क्यांची रेषा खालून सावकाश वर येताना दिसेल, ६० टक्क्यांची वरून खाली येताना, आणि २० टक्क्यांची जवळपास आडवी, ०.१५ च्या शेजारी. सोबत बाइंडरचं गुणोत्तर, म्हणजे चौथ्या घाताची सरासरी भागिले दुसऱ्या घाताच्या सरासरीचा वर्ग, हेही पाहा: शुद्धला १.६०४, विरळला १.६४८. हे दोन्ही आकडे न्यूपेक्षा लवकर बोलतात, कारण त्यांना डेरिव्हेटिव्ह लागत नाही.

तिन्ही रेषा एकाच बिंदूकडे जाताना दिसल्या की मग न्यू काढा, तिन्ही प्रमाणं एकत्र, दुरुस्तीचा घात सामायिक ठेवून. सर्वांत लहान जाळ्या एकेक करून वगळत जा आणि आकडा कुठे स्थिरावतो ते तक्त्यात दाखवा. १० टक्क्यांचा संच एकट्याने काही सांगणार नाही. तो सोडून त्याऐवजी ३५ टक्क्यांचा घ्या. प्रबंधात "सतत बदलणारे घातांक" या प्रकरणाच्या जागी "परिणामी घातांक आणि त्यांचा लांबीनुसार प्रवास" असं प्रकरण येऊ द्या, तुमचे मूळ तीन आकडे त्यात पहिल्याच आकृतीत राहू द्या. आलेख झाला की इथे टाका. ६० टक्क्यांची रेषा किती लांबीला वळते हे मला खरोखर बघायचं आहे.